चालत-बोलत गेले

आमच्या गल्लीत माझ्या शब्दाला मोठा मान आहे. तो असा, की मी दारात उभा राहून ओरडलो, "पाऊस येतोय रे!" की बायका धुतलेले कपडे घेऊन गच्चीवर वाळत घालायला निघतात. हा मान मिळवायला मला उभा जन्म लागला. माझा धंदा फोटोंना फ्रेम करण्याचा. माणसं आपापल्या मेलेल्यांचे फोटो घेऊन येतात आणि काच बसेपर्यंत समोर उभी राहतात. अशा माणसाशी खरं काय बोलणार? म्हणून मी थापा मारतो. एकाला सांगितलं, तुझ्या आजोबांनी खिळा ठोकताना मला डोळा मारला. तो रडत आला होता, हसत गेला. फ्रेम जरा तिरकी झाली होती, तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला धरायला नको.

माझ्या शेजारचं दुकान काटेवाल्याचं. तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचा तो. आत शिरलं की तेलाचा आणि घासलेल्या पितळेचा वास. भिंतीवर टांगलेली पारडी, कोपऱ्यात पोती तोलायचा मोठा काटा, आणि टेबलावर काचेच्या पेटीत सोनाराचा नाजूक काटा. त्याच्यासमोर कुणी सुस्कारा टाकला तरी तो हलायचा. मालकही तसाच. केसाएवढा फरक त्याला खपत नसे, वजनात नाही आणि बोलण्यातही नाही. माझी थाप तो मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग विचारायचा, "यात घट किती धरू?"

मी म्हणायचो, "सगळीच धर."

एवढ्यावर आमची दोस्ती टिकली.

त्याला मुलगे दोन. धाकटा कारखान्यात पाळीवर जाणारा, लग्न झालेला, सरळ. थोरला हाताने बापापेक्षा हुशार. एका धान्यवाल्याने त्याला गळ घातली आणि पोराने एका वजनाच्या बुडातलं शिसं काढून ते आतून पोकळ केलं. वरून बघाल तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. बापाने मात्र ते हातात घेतलं, एकदा वर उडवून झेललं, आणि धान्यवाल्यासमोर, गिऱ्हाइकांसमोर, माझ्यासमोर पोराला एकच शब्द म्हणाला. "नीघ."

पोरगं पायरीवर थांबलं. म्हणालं, "निघतो. तुम्ही स्वतःच्या तोंडाने 'ये' म्हणाल, तेव्हाच येईन. दुसऱ्या कुणी सांगून नाही."

तो कुठे गेला, कळलं नाही. कुणी म्हणे जहाजावर, कुणी म्हणे खाणीत. बापाचा राग आठवड्याभरात उतरला, पण 'ये' म्हणायचं कुणाला? पत्ता नाही, नंबर नाही. राहिला तो दुकानातला जुना, वायरचा फोन. त्याचा नंबर थोरल्याला लहानपणापासून पाठ. लोक म्हणाले, नंबर बदल, मोबाइल घे. काटेवाला नाही म्हणाला. आणि अनोळखी नंबर दिसला की तो हातातलं काम टाकून धावायचा. कारण थोरल्याचा फोन आला तर तो अनोळखी नंबरावरूनच येणार, नाही का?

धावत जायचा, तेलकट हात मांडीला पुसायचा, रिसीव्हर उचलायचा आणि 'हॅलो' न म्हणता म्हणायचा, "बोल."

आणि मग कोण बोलायचं? कर्जवाले. प्लॉटवाले. विमेवाले. तुमची वीज आज तोडणार आहोत, एक दाबा. तुमचं पार्सल अडकलंय, दोन दाबा. दिवसातून इतके फोन, की सोनाराचा काटा एकदा स्थिर व्हायला आला की घंटी वाजलीच. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, वजन कमी करायचंय का?"

काटेवाला गंभीरपणे म्हणाला, "कमी केलं होतं एकाने. त्याला घालवला मी. अजून परत आला नाही."

पलीकडे मुलीने कागद उलटला. मग म्हणाली, "सर, आमची ऑफर फक्त आजच आहे."

मी फ्रेम टाकून पोट धरून हसलो. तो हसला नाही. रिसीव्हर ठेवून परत टेबलाशी जाऊन बसला आणि काटा स्थिर व्हायची वाट बघत राहिला.

मग एके दिवशी दुपारी एक फोन आला, तो वेगळा. पलीकडे कुणीतरी ढसाढसा रडत होतं. "बाबा, मी बोलतोय. बाबा, मला पोलिसांनी धरलंय."

मी दारातच होतो. काटेवाल्याचा चेहरा कसा झाला ते सांगायला मला थाप सुचत नाही. त्याने भिंतीला हात टेकला आणि म्हणाला, "ये. कसाही असशील तसा ये. ये रे."

इतकी वर्षं जपून ठेवलेला शब्द त्याने सगळा ओतला. पलीकडचा लगेच रडायचा थांबला आणि खात्याचा नंबर विचारायला लागला. तेव्हा काटेवाल्याने हळूच विचारलं, "लहानपणी तुझं बोट कुठल्या काट्यात सापडलं होतं?" फोन कट.

रिसीव्हर हातात तसाच धरून तो पोत्यांच्या मोठ्या काट्यावर बसला. बसला तो कलंडलाच. आम्ही उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आहे, यापुढे धावपळ नको, आणि फोनला तर हातच लावायचा नाही.

घर दुकानाच्या मागेच, म्हणून तेव्हापासून फोन आला सुनेच्या ताब्यात. ही धाकट्याची बायको, थोरला गेल्यावर घरात आलेली. तिने थोरल्याला पाहिलेलं नाही, त्याचा आवाज ऐकलेला नाही. पोरगी खरं बोलणारी. इतकी खरी, की पाहुण्यांनी निघताना विचारलं, "आमचा त्रास नाही ना झाला?" की म्हणायची, "थोडा झाला." मला मात्र ती काका म्हणायची आणि माझ्या थापा कान देऊन ऐकायची. म्हणायची, "काका, तुमचं बरं आहे, तुमच्याकडून कुणाला खऱ्याची अपेक्षाच नाही."

सुरुवातीला तिचे फार हाल झाले. "साहेब आहेत का?" "नाहीत." "कधी येतील?" "माहीत नाही." "मग मॅडम, तुम्हाला प्लॉट हवाय का?" एकदा दूध उतू जात होतं, सासरे बाजारात काटा पोचवायला गेलेले, आणि कुणीतरी विचारलं, "साहेब आहेत का?" ती घाईने म्हणाली, "ते गेले."

पलीकडचा आवाज एकदम मऊ. "अरेरे. सॉरी हं मॅडम. फार वाईट झालं. नंबर काढून टाकतो आम्ही यादीतून."

ती हाताचं दूध पुसत पुसत माझ्याकडे आली. "काका, मी खोटं बोलले का हो?"

"छे! गेलेच होते ना?"

"गेलेच होते."

"मग झालं. त्याने काय समजायचं ते त्याने समजावं."

बस्स. तिला हत्यार सापडलं. पण बाई खऱ्याची. सासरे दुकानातच असले की ती रिसीव्हरवर हात ठेवून म्हणायची, "मामंजी, जरा पायरी उतरता का?" काटेवाला पायरी उतरून रस्त्यावर उभा राहायचा, ती फोनमध्ये म्हणायची, "ते गेले," आणि तो परत वर यायचा. त्याला वाटायचं, पोरगी बाहेर गेले म्हणून सांगते. पलीकडच्याने काय ऐकलं ते त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. एकेक करून सगळ्या यादीवाल्यांसाठी माझा दोस्त असा पायरी उतरून मेला.

"कोण आहे ते विचारतेस ना आधी?" तो रोज विचारायचा.

"विचारते, मामंजी."

"थोरला म्हणाला कुणी तर?"

यावर ती काही बोलायची नाही. कारण त्या रडणाऱ्या चोराने बहुतेक आपल्या जातभाईंना कळवलं होतं, की या नंबरावरचा म्हातारा मुलाच्या नावाने विरघळतो. मग 'मुलगे' यायला लागले. एका मुलाचा आवाज सासऱ्यापेक्षा म्हातारा. एक मुलगा तर बाई निघाली. सुनेने मनाशी ठरवलं, की यातला एकही मामंजींपर्यंत पोचू द्यायचा नाही, नाहीतर पुढचा फोन दवाखान्यातून करावा लागेल. तिचं काय चुकलं, मला अजून सांगता येत नाही.

त्या दिवशी ती माझ्या दुकानात हसतच शिरली. मी एका काचेच्या कडा घासत होतो.

"काका, आज एकाला काय बनवला म्हणून सांगू!"

"सांग की. आज तू फेक, मी ऐकतो."

"फेकत नाही हो. शब्द न् शब्द खरा आहे. फोन आला. मी विचारलं, कोण बोलतंय? तर बराच वेळ गप्प. मग म्हणतो, मी थोरला. मी म्हटलं, थोरला का! बरं. ते गेले."

"मग?"

"मग म्हणतो, कधी? मी म्हटलं, आज सकाळीच. खोटं काय त्यात? मामंजी सकाळीच बाजारात गेलेत. मग विचारतो, कसे गेले? मी म्हटलं, कसे म्हणजे? चालत-बोलत गेले. समोरच्या दूधवाल्याशी बोलत बोलतच गेले ना ते!"

मी खो खो हसलो. चालत-बोलत गेले! एवढी सुबक थाप मला जन्मात जमली नव्हती, आणि ही तर थापसुद्धा नव्हती.

"पुढे ऐका. म्हणतो, त्रास झाला का काही? मी म्हटलं, नाही, आज बरं वाटत होतं त्यांना. म्हणतो, जवळ कोण होतं? मी म्हटलं, कुणी नाही, एकटेच गेले. मग म्हणतो, जाताना काही म्हणाले का? मी म्हटलं, नेहमीचंच. फोनकडे लक्ष ठेव म्हणाले."

इथे माझं हसू जरा अडखळलं. चोर इतके प्रश्न विचारत नाहीत. चोर खात्याचा नंबर विचारतात.

"आणि शेवटी काय म्हणाला?"

"म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हटलं, घरची सून. तर म्हणाला, बरं झालं, धाकट्याचं लग्न झालं. आणि ठेवला."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. धाकटा आहे, हे चोराला कुठून माहीत?

"काका," ती म्हणाली, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. हासुद्धा जुना, वायरचाच, पाटीवर रंगवलेल्या नंबराचा. वरच्या पट्टीत भलामोठा अनोळखी आकडा.

"थापाकाका?"

मला या नावाने हाक मारणारं जगात एकच पोरगं होतं.

"अरे! कुठे आहेस तू?"

"लांब आहे. हा फोन माझा नाही, फार बोलता येणार नाही. काका, बाबांचा फोटो आहे ना तुमच्याकडे, दुकानाच्या दारात काढलेला? त्याला काळी बारीक पट्टी लावा आणि मोठ्या काट्याच्या वर टांगा. एवढं माझ्यासाठी करा."

"गाढवा, तुझा बाप जिवंत आहे!"

पलीकडे त्याने नाक ओढलं.

"ऐकलंस का? बाजारात गेलाय. येईलच आता. सून म्हणाली ते गेले म्हणजे बाहेर गेले! ती तुला चोर समजली. कारण असं बघ, मध्ये एक चोर तुझ्या आवाजात रडला होता, म्हणजे तुझ्या आवाजात नव्हे, पण तुझा बाप काट्यावर कोसळला, आणि मग ती त्याला रोज पायरी उतरवून..."

बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं. शप्पथ सांगतो, इतकी अजागळ थाप मी दारू पिऊनही मारली नसती. आणि जितकं समजावत गेलो तितकी ती थापच होत गेली.

"काका," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "माझा पोपट मेला तेव्हा तुम्ही सांगितलं होतं, त्याला पोस्टात नोकरी लागली. मी वर्षभर पोस्टमनला विचारत होतो, आमचा मिठू कुठल्या खात्यात आहे. मला राग नाही आला कधी. उलट बरं वाटायचं. पण आता मी मोठा झालोय. आज तरी नको."

"अरे बाबा, पोपट मेला होता, बाप जिवंत आहे! थांब, त्याला धरून आणतो. ठेवू नकोस. ही घे, हिच्याशी बोल!"

मी रिसीव्हर सुनेच्या हातात कोंबला. ती म्हणाली, "भावजी, मी चुकले, मामंजी खरंच..." आणि थांबली. फोन आधीच बंद झाला होता.

मी तोच नंबर उलट फिरवला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. चोरांचे नंबर असतात तसाच होता तो. लांब राहणारे गरीबही तसल्याच स्वस्त, इंटरनेटवरच्या फोनवरून बोलतात, हे मला मागाहून कळलं.

काटेवाला आला, पिशवी ठेवली. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं, "थोरल्याचा फोन आला होता. माझ्याकडे."

तो पाणी प्यायला. मग माझ्याकडे बघून थोडंसं हसला. "माझ्या हृदयासाठी मारलीस ना? बरी होती. घट किती धरू?"

"काही धरू नकोस. भरल्या वजनाची आहे."

"चल, काहीतरीच."

तेव्हा सून पुढे आली. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो, नको. पण ती पोरगी खरं बोलणारी.

"मामंजी, खरं आहे ते. आधी फोन आपल्याकडे आला होता. मी त्यांना चोर समजले. मी म्हणाले, ते गेले."

काटेवाल्याने भांडं खाली ठेवलं. बराच वेळ तो त्या शब्दाला या पारड्यातून त्या पारड्यात घालत असावा. मग आवाज न चढवता म्हणाला, "म्हणजे तू मला पायरी उतरायला सांगायचीस, ते यासाठी."

ती रडायला लागली.

"रडू नकोस. तुझं माप बरोबर होतं," तो म्हणाला. "गेलोच होतो मी."

दुसऱ्या दिवसापासून तो फोनशेजारी स्टूल घेऊन बसला. सुनेने अडवलं नाही, डॉक्टरांना कुणी विचारलं नाही. पण आता गंमत बघा. फोन येईनातच. सुनेने त्याला घरोघरी मारून ठेवलं होतं, कर्जवाल्यांकडे, प्लॉटवाल्यांकडे, विमेवाल्यांकडे, अगदी चोरांकडेही. जिथे तिथे त्याचा नंबर पुसलेला. पूर्वी काटा स्थिर होऊ न देणारी ती घंटी आता दिवसच्या दिवस मुकी. सोनाराचा काटा इतका स्थिर, की पेटीत धूळ बसली.

"मेलेल्याला कोण फोन करणार?" तो म्हणायचा.

मग तो बाहेर पडायला लागला. बाजारात कुणी पत्रकं वाटत असलं की त्याच्याकडे जाऊन आपला नंबर द्यायचा. प्लॉट हवाय, म्हणायचा. कर्जही हवंय. वजनसुद्धा कमी करायचंय. सोडतीच्या पेट्यांत, नव्या दुकानांत, जिथे कुणी मागेल तिथे आणि न मागेल तिथेही तो नंबर देत सुटला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मला कळत होतं. फोन वाजत राहिला म्हणजे जगात त्याची जिवंत म्हणून नोंद राहील, एवढंच त्याचं गणित होतं. आणि वाजणाऱ्यातला एखादा कधीतरी तो असेल.

फोन पुन्हा सुरू झाले. तो उचलायचा आणि म्हणायचा, "बोल. मी आहे." कर्जवाल्या मुली गोंधळायच्या. "सर, आपण कोण?" "मी आहे. गेलो नाही. बोल." सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं. परत कर हं फोन."

थोरल्याचा काही आला नाही. माझ्याकडेही नाही. काळी बारीक पट्टी मी कापून ठेवली होती, ऑर्डर ती ऑर्डर. फ्रेम तयार करून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मग फोन पुन्हा कमी झाले. काहीही विकत न घेणाऱ्या माणसालाही ते लोक शेवटी मेल्यातच धरतात. काटेवाला स्टुलावर बसून वाळत चालला. मला ते बघवेना. माझ्या नातवाने मला एक मोबाइल घेऊन दिलाय, त्याचा नंबर कुणालाच ठाऊक नाही. एका दुपारी मी आतल्या खोलीत गेलो आणि काटेवाल्याचा नंबर फिरवला. काही सांगायचं नव्हतं. नुसती घंटी वाजावी, एवढंच. पाहिजे तर थोडं सोंग करू, प्लॉट विकू, त्याला चिडवू.

भिंतीपलीकडे घंटी वाजली. स्टूल सरकलं.

"बोल. मी आहे."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माझ्या! प्लॉटचं विसरलो, विम्याचं विसरलो. नुसता श्वास घेत राहिलो.

"ये," तो म्हणाला. "ऐकतोस ना? ये."

मी फोन बंद केला.

थोड्याच वेळात तो माझ्या दारात. कित्येक महिन्यांत त्याला ताठ उभा पाहिला नव्हता. मागे सून, घाबरलेली.

"आला होता त्याचा फोन," तो म्हणाला. "बोलला नाही. पण होता. श्वास ओळखला मी. मी ये म्हणालो. माझ्या तोंडाने म्हणालो."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मोबाइल अजून माझ्या हातातच होता. माझ्या आयुष्यात मी दोनदाच जीव तोडून खरं बोललो, त्यातली ही दुसरी वेळ.

"अरे, तो मी होतो," मी म्हणालो. "हे बघ. हा माझा फोन. हा तुझा नंबर. मीच होतो."

काटेवाल्याने मोबाइलकडे बघितलंही नाही. तो हसला, मोकळा, पोट हलवून.

"चल, थापाड्या," तो म्हणाला. "यात घट किती धरू?"

आणि परत जाऊन स्टुलावर बसला.